प्रश्न क्रमांक चौदा

विनिपेगमध्ये जानेवारीत उणे एकतीस असतं, तेव्हा
बसथांब्याच्या काचेआडचा हीटर
वीस मिनिटांनी आपोआप बंद पडतो.
पुन्हा बटण दाबायचं.
हे आम्हाला कोडी फ्लेटने सांगितलं.
आमच्या नऊ वर्षांच्या एकाही अहवालात नव्हतं.

कोडी एकोणीसचा.
अठराव्या वाढदिवशी सरकारी पालकत्वाची मुदत संपली
आणि हातात आली कचऱ्याची काळी पिशवी,
त्यात कपडे, नीट घडी घातलेले.
घडी कुणी घातली, ते त्याला माहीत नाही.

टॅनिसने त्याला प्रश्नावली दिली, उत्तरं भरायला.
त्याने पेन घेतलं आणि प्रश्न खोडायला लागला.
"घर कधी सोडलंत?" – कुठलं? मी अकरा मोजलीत.
"कायमचा पत्ता" – हे राहू दे, हसायला बरं.
चौदाव्याशी थांबला:
"बेघर होऊन किती दिवस झाले?"
ती ओळ त्याने कागद फाटेस्तोवर काळी केली,
खाली लिहिलं, तिरकं, दाबून:
आजवर किती दारांच्या किल्ल्या तुमच्याकडे होत्या?

सिग्रिड, आमची संख्याशास्त्रज्ञ, म्हणाली, नाही.
हे ताडून कशाशी बघायचं?
तिचं खरं होतं. बहुतेक वेळा तिचंच खरं असतं.
टेबलावर तिचा जुडगा पडला होता:
घर, गाडी, ऑफिस, आईचं घर, टपालपेटी,
आणि एक कशाची, ते तिलाच आठवेना.
ती त्या एकीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, बरं, पण शेवटी घाला.
कोडी म्हणाला, चौदाच.

चार रात्री फिरलो.
वाचनालयाच्या मागच्या झरोक्याशी, जिथून गरम वाफ येते,
इस्पितळाच्या प्रतीक्षाकक्षात,
जिथे झोपलं तर उठवतात, बसलेलं चालतं,
म्हणून मुलं उघड्या डोळ्यांनी झोपायला शिकलेली.
कोडी पुढे. आधी मोजे, मग प्रश्न,
मोजे घेऊन कुणी काहीच बोललं नाही
तर पुढचा माणूस.

पहाटे मी आकडे भरायचो.
शून्य. शून्य.
एक, सायकलच्या कुलपाची. (ही धरायची?)
शून्य.
तीन. शून्य. शून्य.
घर फिरलं की वासे फिरतात, हे मला लहानपणापासून पाठ.
पण वासे ओळखीचे व्हायला
एकाच छताखाली काही वर्षं
उताणं पडून राहावं लागतं.

मग ब्रिएल. सतराची.
एक, म्हणाली, आणि गळ्यातली दोरी ओढून दाखवली.
नोव्हेंबरात आईने कुलूप बदललं.
किल्ली हिच्याकडेच आहे.
अंगाला लागून ऊबदार असते, म्हणाली,
सकाळी जॅकेटमध्ये तेवढीच एक वस्तू गार नसते.

शुक्रवारी साडेदहा ते एक आम्ही भांडलो.
सिग्रिड म्हणाली, "होत्या" असं विचारलंय. एक.
टॅनिस म्हणाली, दार उघडत नाही. शून्य.
गंमत म्हणजे आदल्या आठवड्यात
दोघी नेमक्या उलट बाजूंना असत्या.
कुणीतरी अर्धा म्हणालं. मीच असेन.
त्यावर कुणी हसलं नाही.
ज्या समितीकडे हे जाणार
तिला पानभर एकच आकडा हवा असतो,
त्यावर खाटा ठरतात, खोल्या ठरतात,
पुढच्या हिवाळ्यात कोण आत, कोण बाहेर.

कोडी खिडकीपाशी उभा होता.
तिला विचारलं का कुणी, म्हणाला.

संध्याकाळी गेलो, चौघेही.
थांबा रिकामा. बाकावर काही नाही.
हीटर चालू होता,
म्हणजे वीस मिनिटांच्या आत
इथे कुणीतरी होतं.

रकाना अजून कोरा आहे.
कोडीने पुढे होऊन बटण दाबलं.
आम्ही थांबलो.