तिसरा गुंता

लुंगेलोने काचेवर कापड अंथरलं
आणि तीन रिळं मांडली शेजारीशेजारी,
सराफाने पाटल्या दाखवाव्यात तशी.
बाहेर डरबनचा जून, नैर्ऋत्येचा वारा.
सार्डिन येणार, आज येणार, उद्या येणार, म्हणून
दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

पहिलं लाकडी, थाळीएवढं,
अप्पांच्या रिळाचं धाकटं भावंड.
एका फेऱ्याला एक वेढा, आत ना दाते ना चाकं,
ब्रेक म्हणजे आपलाच तळवा.
मासा पळाला की कातडं घेऊन जायचा.
मग अप्पा मिठाच्या पाण्यात हात बुडवून
आईला सांगायचे, वीस पौंडांचा होता.
आई जखम बघून म्हणायची, बारा.

दुसरं मल्टिप्लायर. मुठीत मावणारं,
तेलाचा वास, एका फेऱ्याला सहा वेढे.
सगळा खेळ अंगठ्याचा.
दोरा सुटताना अंगठा जरा उशिरा टेकला
की संपलं,
कावळ्याचं घरटं.

तिसऱ्याला इथे सगळेच कॉफीची चक्की म्हणतात.
तारेची कमान उघडा, फेका, मिटा,
शेंबडं पोरही शिकेल.
ती घेऊन धक्क्यावर आलेल्या माणसाला
अप्पा हमखास विचारायचे, काय, झालं का दळण?
माझ्या नवऱ्याकडे तीच आहे.
अकरा वर्षं झाली, सासऱ्याच्या तोंडी त्याचं नाव नाही,
नुसतं दळणवाला.

मी म्हटलं, डावा हात गेलाय त्यांचा, मार्चमध्ये.
उजवा चालतो.
काठी वाळूतल्या नळीत रोवली
तर एका हाताने गुंडाळता येईल ना?

लुंगेलोने स्वतःचा डावा हात पाठीमागे नेला
आणि डोळे मिटून उजव्याने
एकेक मूठ फिरवून पाहिली.
मागे गिऱ्हाईकं चुळबुळत होती.
येईल, म्हणाला, तिन्ही येतील.
फेकणार कोण?

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.
एक भाऊ पर्थला. दुसऱ्याने मासे सोडले, देव धरला.
नवरा आला असता,
पण दळणवाल्याने फेकलेलं अप्पा गुंडाळणार नाहीत.
लहानपणी भावांना ते पहाटे तीनला उठवायचे.
मला कधी गळ घातली नाही.
मीही कधी सांगितलं नाही
की मी तेव्हा जागीच असते.

लुंगेलोने चक्की पुढे सरकवली.
शिकाऊ हाताला हीच.
बरोबर होतं त्याचं.
मी मधलं उचललं, दोन दिवसांच्या बोलीवर.

शाळेच्या मैदानात, दोऱ्याला शिसं बांधून,
पहिलीच फेक:
शिसं पायाशी, आणि रिळावर एवढं मोठं घरटं
की कावळ्यालाही संकोच वाटावा.

अप्पांनी ते मांडीवर घेतलं.
डावा हात उचलून रिळावर ठेवला, पेपरवेटसारखा,
हलू नकोस, असं त्यालाच बजावलं,
आणि आईची क्रोशाची सुई घेऊन बसले.
मार्चपासून अर्धंमुर्धं बोलणारा माणूस
रात्री साडेनऊपर्यंत मला शिव्या घालत होता,
पूर्ण वाक्यांत.
अंगठा कुठे होता तुझा? अंगठा काय शोभेला दिलाय?
जेवण दोनदा गरम केलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा. तो लवकर सुटला,
साडेसातलाच त्यांना काही काम उरलं नाही,
आणि ते भिंतीकडे बघत बसले.

सकाळी मी पैसे भरले.
जमलं? लुंगेलोने विचारलं.
नाही, म्हटलं,
आणि दोरा जास्तीचा दे.

तिसरा गुंता मी मुद्दाम केला.

चौथा मुद्दाम नव्हता.
तो ब्लफच्या खडकांपाशी झाला, समुद्रासमोर,
शिसं बऱ्यापैकी लांब गेल्यावर, अगदी शेवटी.
मी मागे वळून पाहिलं.
अप्पा घडीच्या खुर्चीत,
सुई आधीच हातात.