डबल स्टँड

"काढून टाकू का, अक्का?" लालसाब विचारतो,
पाना आधीच नटावर.
"साडेतीन किलो लोखंड फुकट फिरवताय.
नव्या गाड्यांना येतच नाही हे."

स्प्रिंग तुटलीय.
अशोक चौकापासून इथवर प्रत्येक गतिरोधकावर
खण्ण.
लोक वळून बघत होते,
जणू माझंच काहीतरी पडलंय.

त्याचं खरं आहे म्हणा.
साईड स्टँडवर भागतं.
टाच मारली की लागतो, टाच मारली की सुटतो,
गाडी पानपट्टीवरच्या माणसासारखी
एका कुल्ल्यावर रेलून उभी.
डबल लागतो महिन्यातून दोनदा,
चेनला तेल सोडायला, नाहीतर पंक्चरला.
बाकी दिवस पोटाखाली नुसता लोंबतो,
चिखल खातो,
वळणावर ठिणग्या काढतो.

पण मागच्या मे महिन्यात
एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यापुढं,
दुपारी अडीचला डांबर असं मऊ झालेलं
की साईड स्टँड बोटभर आत गेला.
मी आत चलनावर सही घेत होते.
बाहेर येऊन बघते तर गाडी आडवी,
वीस डझन नॅपकिन रस्त्यावर,
पांढऱ्यावर काळं.
शेटनं ते माझ्या हिशोबात धरलं.

आणि गठ्ठे.
सरळ उभ्या गाडीला दोन्हीकडून बांधता येतात.
तिरपी गाडी पहिल्याच गठ्ठ्याला
मान टाकते.

"पण तुम्हाला लावता येतो?" तौफिक विचारतो,
लालसाबचा पोऱ्या, मिसरूडही नाही फुटलेलं.
"बायकांना कुठं जमतंय बे..."
आणि जीभ चावतो.

मला मल्लेशम मामानं शिकवला,
साखर पेठेच्या बोळात,
विड्यांची सुपं भिंतीकडं सरकवून.
मी सत्तेचाळीस किलोची, गाडी एकशेवीस.
मी दात-ओठ खाऊन ओढतेय, तो हसतोय.
"एत्तोद्दु, पोरी! उचलायला ती काय सुताची गोणी आहे?
आधी त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकू दे.
टेकले? आता त्याच्यावर उभी राहा.
नुसती उभी राहा."

उभी राहिले.
गाडी गुमान वर आली, वीतभर मागं सरकून.

मग मामा मागचं चाक हातानं फिरवायचा.
हवेतल्या हवेत, कुठंच न जाणारं चाक.
लूमनं त्याचे कान खाल्लेले,
चार वेळा हाक मारली तरी वळायचा नाही,
पण चेनवर बोट धरलं की सांगायचा,
"एक कडी घट्ट आहे."
असायचीच.

हे लालसाबला सांगण्यासारखं नाही.
मागं तीन गाड्या खोळंबल्यात.
"स्प्रिंग कितीला?"
"ऐंशी. पण जुन्या मॉडेलची, लातूरहून मागवावी लागंल.
कधी येईल, खुदा जाणे."
"आणि हा भंगारात घातला तर?"
"शंभर-सव्वाशे."

मी मनात गणित मांडलं.
उत्तर लालसाबच्या बाजूनं आलं.

तरी हँडल धरलं,
चपलेनं स्टँड दाबला, दोन पाय टेकल्याचं कळलं,
उभी राहिले.
तौफिक हातातला पाना पुसत बसला, कितीतरी वेळ,
स्वच्छच होता तो.

मग गाडी खाली घेतली.
पिशवीत चादरीची कापून टाकलेली किनार होती,
लाल-हिरवी, पक्क्या रंगाची.
तिनं स्टँड वर आवळला, दोन गाठी मारल्या.
"स्प्रिंग मागवा," म्हटलं. "पैसे आत्ता ठेवा."
लालसाबनं नोट कानामागं अडकवली,
म्हणाला, "तुमची मर्जी."

कन्ना चौक शांत गेला.
हैदराबाद रोडही.
विडी घरकुलच्या अलीकडं एक गतिरोधक आहे,
पट्टे न मारलेला.
तिथं एक गाठ सुटली.

खण्ण.

मी वळून बघितलं नाही.