मुत्राहला, एका रियालात

रुवीहून बस, दोघांचे सहाशे बैसे.
उरले चारशे. परत चालत यायचं,
हे बोस्को रुमाव चढल्या चढल्याच सांगून टाकतो.
हिशेब आधी मिटलेला बरा.

सात वर्षं लिस्बनला जायचं म्हणतोय.
डब्यात पैसे साठतात, बहिणीचं लग्न निघतं,
मग छपराचे पत्रे,
आणि डबा पुन्हा वाजायला लागतो.
"तोवर हे बघू," म्हणतो, "त्यांचंच आहे."

खडकावर मातकट बुरूज, खाली बोटी.
मी रेवदंड्याचा.
असल्याच तटाला टेकून लगोरी रचली आम्ही,
कुणी बांधला ते विचारलं नाही कधी.
बोस्को वसईचा; पायऱ्या चढून
भिंतीवर दोन बोटं ठेवतो,
नाडी बघितल्यासारखी.

तिकीट एकालाच परवडेल.
तू जा, नको, तूच जा,
या आग्रहात बंद व्हायची वेळ झाली.
पहारेकऱ्याने किल्ल्या वाजवल्या, हसला.

सूकमध्ये धूर फुकट, सावली फुकट,
खजूर चाखणं फुकट.
बोस्को तीन दुकानांत चाखतो,
तिसऱ्यात भावही विचारतो, लाजेकाजेस्तव.
दोन करक, दोनशे.
उरलेल्या दोनशेचं एक पोस्टकार्ड:
किल्ल्याच्या आतून काढलेलं,
तोफ, खिडकी, खिडकीत निळं पाणी.

रुवीच्या चढावर दिव्याखाली थांबून
तो आईला लिहितो,
"इथून बघितलं."
मी काही बोललो नाही.
शर्टाला लोबानाचा वास होता,
आणि चढ अजून बराच होता.