शेरा

धुळ्यात गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत.
मला ते बरं पडतं. मी आकडेच वाचते:
जिन्याखाली, न्हाणीच्या भिंतीला, चपलांच्या खणावर,
जिथे घरमालक स्वतः कधी वाकून बघत नाही
तिथे मी महिन्यातून एकदा बघते.
“लाइटवाली उनी व!” एक पोरगी आत ओरडते
आणि कुणीतरी घाईने कूलर बंद करतं,
जणू आता बंद करून काही फरक पडणार आहे.

उंट मला मार्चमध्ये दिसला.
सहाव्या गल्लीत, वाणींच्या गिरणीच्या पाठीमागे.
पोपडा आधीच गळाला होता, उंटाच्याच मापाचा;
कुणीतरी कोळशाने फक्त चार पाय दिले
आणि एक डोळा, जरा नाराज.
माझ्या यंत्रात शेऱ्याचा रकाना असतो.
दार बंद. काच फुटकी. कुत्रा आहे.
मी लिहिलं: उंट आहे.

ऑफिसात बाविस्कर साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
“मॅडम, उंट म्हणजे कितवा कोड?”

मग दिसायलाच लागलं.
देवपुरात, कोरड्या नळाखालच्या गंजाच्या ओघळाला
शेपूट समजून वर जोडलेली खार.
अन्सारींच्या कारखान्याच्या भिंतीवर
एका रेषेत काढलेला कोंबडा,
आत माग चालले की भिंत थरथरते
आणि तो दाणे टिपतो.
पांझरेकाठी पंपाच्या खोलीवर
जुन्या पुराची मातकट रेघ राहिली आहे ना,
तिच्यावरून मुंग्या निघाल्यात
उलटी खाट डोक्यावर घेऊन.
फोटो काढले नाहीत.
यंत्र फक्त मीटरचाच फोटो घेतं.
लळिंगकडून वारा सुटला की कोळसा उडतो,
पुढच्या महिन्यात खारीचं नुसतं शेपूट उरलं होतं,
म्हणजे पुन्हा गंज.

मला नथ्थू पेंटरचा संशय होता.
फ्लेक्स येण्याआधी अर्ध्या गावाच्या पाट्या त्याच्या,
‘आज रोख’ मधला ‘ख’ कुणाला असा जमला नाही.
ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता.
“मी नही व ताई. मना हात आते थरथरस.”
शेंग फोडली, दाणे ताटात टाकले.
“पन उंट भारी शे.”

उंटाचं मी बोललेच नव्हते.

चौथ्या गल्लीत एक घर आहे, दोन वर्षं कुलूप.
मीटर कुणा उंच माणसाने उंचावर बसवलेला.
दर महिन्याला मी चवड्यांवर उभी राहते, हात ताणते,
दर महिन्याला आकडा तोच: ०४१७२.
मे महिन्यात त्या मीटरशेजारी
वीतभर बाई होती, कोळशाची.
पदर खोचलेला, खांद्याला पिशवी, मान वर,
तोंड थोडं उघडं.
वाचताना माझं तोंड उघडं राहतं?
घरी जाऊन आरशात पाहिलं. राहतं.
आणि टाचा. उचललेल्या.
त्यांना भेगा काढल्या नव्हत्या,
भिंतीच्याच भेगांवर टाचा बरोबर आणून ठेवल्या होत्या.

राग आला. खोटं का सांगू,
अंगठा जिभेला लावलासुद्धा पुसायला.
मग समोरच्या दारातून म्हातारी म्हणाली, पाणी देऊ का,
आणि ते राहून गेलं.

जूनमध्ये बाई जरा पुसट झाली होती.
मीटरखाली दोन विटा, एकीवर एक,
डुगडुगू नये म्हणून खाली कौलाची कपची सारलेली.
इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत एक बकरी,
ती कुणाची तरी लग्नपत्रिका खात होती.

चढले.
आकडा पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आला,
काचेवरची धूळ पदराने पुसता आली.
०४१७२.
वापर शून्य.
यंत्रावर प्रश्न आला: घरात कुणी राहतं का?
आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, आत म्हणजे शेजारी.
मी बोट रकान्यावर ठेवून
बराच वेळ त्या विटांवर उभी राहिले,
टाचा टेकवून.