सरळ ओढलेली रेघ

चेल्याबिन्स्कच्या एका तळघरात
मिन्सिलू बोटभर जाडीच्या दांडीवर
सुईने रेघ ओढते, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
श्वास रोखून.
रेघ सरळच हवी,
नाहीतर नंतर वाकडेपणा कुणाचा ते कळत नाही.

दांडी क्रमांक एकेचाळीस.
यामालकडच्या नळातून कापून आणलेली.
तिथे उन्हाळा लांबला की गोठलेली जमीन सुटते,
एका अंगाला खचते,
आणि मैलभर नळ, वेल्डिंगच्या सांध्यांसकट,
झोपेत कूस बदलू पाहतो.

नवा पोरगा ईल्गिज विचारतो,
पिळात नेमकं बघायचं काय?
ती एप्रनच्या खिशातला खडू त्याला देते. पीळ म्हणते.
खडू तुटतो तिरका, गोल जिन्यासारखा वळत.
"हा लगेच सांगून मोकळा होतो," मिन्सिलू म्हणते.
"पोलादाचं तसं नसतं."

यंत्राचा एक जबडा धरून बसतो, दुसरा फिरतो.
पहिले काही अंश माफ : सोडलं तर दांडी परत येईल.
त्यानंतर सोडा, नका सोडू,
काहीतरी आत राहतंच.
रेघ कलते. कलंडते.
दोन फेऱ्यांत दांडीभोवती दोऱ्यासारखी गुंडाळली जाते.

आणि दांडी?
जाडी तीच. कुठे कंबर बारीक झाली नाही,
ओढल्यावर होते तशी.
रेघ नसती
तर कुणी म्हणालं असतं, हिला काय झालंय!
सगळ्यात जास्त सोसते ती कातडी.
आत जावं तसं कमी, आणखी कमी,
अगदी मधोमध, केसाएवढ्या जागेत,
काहीच नाही.

फानिल दर दोन महिन्यांनी उत्तरेहून येतो.
वजन तेच. चहात साखर तेवढीच.
रविवारी जाड चादर पिळायला दोघं दोन टोकं धरतात,
समोरासमोर, दोघंही आपापल्या उजवीकडे वळवत,
पाणी बादलीत.
हल्ली त्याच्या टोकाकडून जोर कमी येतो.
तिने विचारलेलं नाही.
कुठली रेघ दाखवून विचारायचं?

तीन फेऱ्या, आणि वर थोडं.
तुटण्याचा आवाज फार नाही.
काकडी कापावी तसा सपाट काप,
त्यावर भोवऱ्याच्या खुणा, मध्ये एक ठिपका.
"एवढंच?" ईल्गिज म्हणतो.
मिन्सिलू दोन्ही तुकडे दिव्याखाली धरते.
सुंभ तुटला, पीळ तसाच.

शेऱ्याच्या रकान्यात ती नेहमी एक आडवी रेघ मारते.
आज लिहिते : मधला भाग पाहावा.
मग बराच वेळ पेनचं टोपण सापडत नाही.

ईल्गिज एकेचाळीसचे तुकडे जुळवून पाहतो. बसत नाहीत.
फरशीवरचा खडू उचलतो, दोन्ही टोकं एकमेकांना लावतो.
खडू मात्र बिनचूक जुळतो,
अगदी तुटलाच नव्हता असा.