हातचा एक

इन्व्हरकार्गिलमध्ये उन्हाळासुद्धा स्वेटर घालूनच येतो.
या जिवांना ते मानवतं.
गॅरेजमध्ये, जिथे माझी होल्डन उभी असायची,
तिथे आता अठरा टब,
पाणी सोळा अंशांवर,
आणि सिमेंटवर अजून तेलाचा जुना डाग.

अंडी तीनशेच्या वर होती.
निम्मी गोठव, मॉर्वेन म्हणाली, एवढी घरं आणशील कुठून?
गोठवली.
हे गिऱ्हाइकाला सांगत नाही,
आणि किमतीत कुठल्या ओळीत धरायचं
तेही कळत नाही.

उरलेल्यांना पहाटे पाचला आणि रात्री नऊला
मिठाच्या पाण्यात उबवलेला आर्टेमिया,
ड्रॉपरने, थेंब थेंब,
कारण हललं तरच त्यांना ते अन्न वाटतं.
सहा आठवडे. कारखान्यात निदान रविवार असायचा.

वहीत लिहितो:
वीज. मीठ. पाणी तपासायच्या बाटल्या.
गांडुळं फुकट (खताचा ढीग मॉर्वेनचा).
माझा वेळ तासाला एक डॉलर धरला
तरी एकेक पिल्लू शंभराच्या पुढे जातं,
म्हणून ती ओळ खोडली.
मॉर्वेनने ती परत लिहिली. पेनाने.

गोर गावची ब्राइडी पंधराला देते,
दोनावर एक मोफत, पावासारखे.
पंधराला घेतलेला जीव
पंधराच्याच काचेच्या भांड्यात जातो,
खिडकीत, ऐन उन्हात,
आणि आठवड्याने मला फोन येतो: तो तरंगतोय, हे नॉर्मल आहे का?
फुकट मी एकदाच दिले. चार.
त्या माणसाकडे कासव होतं हे मागाहून कळलं.
तेव्हापासून किंमत म्हणजे मला कुंपण वाटतं,
फार उंच नको,
पण ओलांडताना पाय उचलावा लागेल इतपत.

तर: काळपट, तीस.
पांढरे, गुलाबी कल्ल्यांचे, चाळीस.
सोनेरी पंचेचाळीस.
तांबूस पाचच निघाले,
बोटांवर मोजण्याइतके,
माझ्या उजव्या हाताच्या नव्हे.

अकराव्या टबमधल्याचं मात्र अडलंय.
पाचव्या आठवड्यात भावाने त्याचा पुढचा पाय खाल्ला,
रागाने नव्हे, समोर हलला म्हणून.
मग तिथे एक टोक आलं, पांढरं, तांदळाएवढं,
मग वल्हं,
मग एका सकाळी चार बोटं.
यांच्या पुढच्या पायाला चारच असतात.
नवा पाय किंचित फिकट आहे. बारीक बघितलं तरच.
मी चिठ्ठीवर लिहिलं होतं: अर्धी किंमत.

शनिवारी अनाहेरा आली, नऊ वर्षांची,
मावशी ट्रकमध्येच बसून राहिली.
मायलोच्या डब्यात तेवीस डॉलर, बरेचसे सुटे.
टाकीचं पाणी तीन आठवडे आधीच मुरवून ठेवलंय म्हणाली,
मी न विचारता.
सगळे टब पाहिले, अकराव्यापाशी थांबली.
पाय नवीन आलाय?
हो.
म्हणजे हा महाग असणार, आणि डबा मागे घेतला.

सत्याऐंशी साली, करवतीपाशी,
माझं एक बोट गेलं.
ऑफिसात एक तक्ता होता:
अंगठा इतके, तर्जनी इतके,
करंगळीशेजारचं सगळ्यात स्वस्त.
गल्ल्यावरच्या माणसाने नोटा दोनदा मोजल्या,
फार सभ्य माणूस.
त्या पैशांत वॉशिंग मशीन घेतलं.
चौदा वर्षं चाललं, तक्रार नाही.

मी चिठ्ठी खिशात घातली.
याची किंमत तेवीस, म्हटलं.
बरोब्बर तेवीस?
बरोब्बर.
तिने माझ्या हाताकडे पाहिलं,
मुलं पाहतात तसं, सरळ,
आणि काही विचारलं नाही.
पिशवीत गार पाणी, वरून ओलं वर्तमानपत्र,
आणि बर्फाची एक बाटली, ती परत आणायच्या बोलीवर.

रात्री मॉर्वेन वही घेऊन बसते.
नळाला पाण्याचा बारीक आवाज.
सात नि आठ पंधरा, पाच खाली,
हातचा एक, ती मोठ्याने म्हणते,
आणि टेबलाखाली
माझी मूठ आपोआप मिटते.