तरवाला

दाभोळच्या धक्क्यावरची वीज गेली की
लॅपटॉपच्या उरलेल्या चाळीस टक्क्यांत
मी एक माणूस लिहिते.

खेळात चित्रं नाहीत. नुसती अक्षरं:
तू खाडीच्या काठावर आहेस. उत्तरेला चिखल.
दक्षिणेला पाणी. इथे एक तरवाला बसला आहे.
बसला आहे, एवढंच. बाकीचं मी द्यायचं.

कुणी आलं, तर मान वर कर.
'नमस्कार' म्हणालं, तर म्हण, 'चाललंय.'
पैसे दिले, तर मोजू नकोस, कनवटीला लाव.
शिवी दिली, तर पाण्यात थुंक
आणि त्याचं नाव तीन भरत्या लक्षात ठेव.
वादळ असेल, तर 'नाही' म्हण.
दुसऱ्यांदा विचारलं, तरी 'नाही'.
तिसऱ्यांदा, आवाज न चढवता, 'घरी कोण हाय तुझ्या?'

हे शेवटचं परकारचाचांचं.
तसं बरंचसं त्यांचंच. लाँचवर तिकीट फाडण्याआधी
अंगठा जिभेला लावतात, तोसुद्धा घेतला.
विचारलं नाही.

पहिल्याच रात्री घोटाळा.
त्याच धक्क्यावर मी एक मासेवाली बसवली होती,
कुणी काही बोललं की 'चाललंय ना?' विचारणारी.
तो म्हणाला 'चाललंय',
ती म्हणाली 'चाललंय ना?'
सकाळी नोंदीत अकरा हजार ओळी, सर्व्हर आडवा.
मग अट घातली: फक्त खेळणाऱ्यालाच उत्तर द्यायचं.
खाली खरा बाजार उघडत होता.
टोपली उतरवता उतरवता राधी पावशीण
आणि चाचा तेच दोन शब्द बोलत होते,
मी शाळेत जायचे तेव्हापासूनचे.

परवा पहाटे अडीचला
'कालव' नावाचं कुणी आलं.
पैसे नाहीत, नमस्कार नाही. लिहिलं,
पलीकडे जायचं नाहीये. नुसता बसतो.
माझ्या माणसाकडे याला उत्तर नव्हतं.
काहीच कळलं नाही की बोलायची जी ओळ असते
ती तो बोलला: 'तर आत्ता सुटेल.'
पाच मिनिटांनी पुन्हा: बसतो.
'तर आत्ता सुटेल.'
नोंद तिथे संपते.

सकाळी लाँचवर चाचांना विचारलं,
कुणी नुसतंच येऊन बसलं, तर काय म्हणता?
ते बघत राहिले,
खाडीत पाणी किती लिटर असं विचारल्यासारखे.
मग फळीवरचा तिकिटांचा गठ्ठा उचलून मांडीवर घेतला.
वीतभर जागा झाली.
मी बसले. दोन फेऱ्या.

रात्री लिहिलं:
'बसतो' म्हणालं, तर काही म्हणू नकोस.
वीस सेकंद थांब.
तरवाला थोडा सरकतो.
पुढची ओळ नाही. भरती आली तरी तर सोडू नकोस.

कालव अजून फिरकलेलं नाही.
चाचणी करायला हवी, म्हणून काल मीच गेले.
चिखल, पाणी, तो.
टाइप केलं, बसते.

'तर आत्ता सुटेल,' तो म्हणाला.

'बसतो' शिकवलं होतं.
'बसते' राहूनच गेलं.